किचनमध्ये उंदीर झालेत, घरात रांगतं बाळ आहे, विष न टाकता काय करता येईल?

अबोली

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे म्हणून थेट विचारते. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, बिल्डिंग जुनी आहे, तीस-पस्तीस वर्षं तरी झाली असतील, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. पाऊस सुरू झाल्यापासून किचनमध्ये उंदीर यायला लागलेत. आधी वाटलं एखादा चुकून आला असेल, पण आता रोज सकाळी ट्रॉली ओढली की डाळीच्या डब्यांमागे काळ्या लेंड्या, टोपलीतली केळी कुरतडलेली आणि परवा तर गव्हाच्या पिठाची पिशवी खालून फोडली, पीठ सगळं ट्रॉलीच्या चॅनलमध्ये गेलं. रात्री दोन-अडीचला सिंकखालून खरवडल्यासारखा आवाज येतो, लाईट लावला की बंद.

मुलगी दहा महिन्यांची आहे, घरभर रांगते आणि जमिनीवर दिसेल ते उचलून तोंडात घालते, त्यामुळे मला खरंच झोप लागत नाहीये. पेस्ट कंट्रोलवाला येऊन बघून गेला, तो म्हणतो ट्रॉलीखाली केकचे तुकडे ठेवतो, उंदीर खाऊन बाहेर पाणी प्यायला जातात आणि बाहेरच मरतात, वास वगैरे काही येत नाही. वॉचमनकाकांनी एक पुडी आणून दिली, काळपट पावडर आहे, पिठात कालवून ठेवा म्हणाले, मी ती उघडली पण नाही. शेजारच्या काकू ग्लू पॅड लावतात. सासूबाईंचं म्हणणं गणपती तोंडावर आलेत, या दिवसांत घरात उंदीर मारायचा नाही, पिंजऱ्यात धरून लांब सोडून यायचं. आणि नवरा प्लगमध्ये लावायचं ते आवाजाचं मशीन मागवायच्या विचारात आहे.

विचारायचंय ते एवढंच की केक बाळाच्या घरात चालतो का, पिंजऱ्याने खरंच आटोक्यात येतं का, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत हे येतात तरी कुठून? ज्यांनी स्वतः हे सगळं केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

---

गिरणगावकर

ताई, मी बरीच वर्षं पेस्ट कंट्रोलच्याच कामात आहे, परळ-लालबागच्या चाळींपासून नव्या टॉवरपर्यंत सगळीकडे जातो, त्यामुळे जरा मोठं लिहितो.

आधी कोण आलंय ते बघा कारण त्याच्यावर पुढचं सगळं ठरतं. लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक, दोन्ही टोकं निमुळती असतील तर तो छोटा घरातला उंदीर. अर्धा-पाऊण इंचाच्या जाडसर असतील तर मोठा उंदीर, तो पाईपवरून सरसर चढतो, तुमच्या तिसऱ्या मजल्याला त्याला काही वाटत नाही. घूस शक्यतो खाली गटारात आणि मातीत बीळ करून राहते, वरच्या मजल्यावर क्वचित. आणि घरात उग्र वास, चिकचिक आवाज, लांब टोकदार नाक असं काही दिसलं तर ती चिचुंद्री, तिला धान्यात फार रस नसतो, ती झुरळं-किडे खाते, पुष्कळ लोक तिला उंदीर समजून पैसे खर्च करत बसतात. तुमचं पिशवी फोडणं, खरवडणं बघता छोटा उंदीर वाटतोय, लेंड्या बघून पक्कं करा.

लेंड्या खूप दिसल्या म्हणून घाबरून जाऊ नका, एकच छोटा उंदीर दिवसाला ५० ते ७५ लेंड्या टाकतो. पण वेळ पण काढू नका, मादीचे दिवस भरायला तीन आठवडे लागतात, एका वेळेला पाच-सहा पिल्लं आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः व्यायला तयार.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पिंजरा लावा, चाप लावा, केक टाका, काही करा, भोक उघडं आहे तोवर एक गेला की दुसरा येणार. मुंबई महापालिकेत रात्रीचे मूषक संहारक असतात, हातात काठी आणि टॉर्च घेऊन गल्ल्यांमधून फिरतात, रात्रीत ३० उंदीर मारायचे असा त्यांचा कोटा, इतकी मेहनत करतात ती माणसं आणि तरी उंदीर संपत नाहीत कारण खायला आणि लपायला मिळतंय तोवर रिकामी झालेली जागा लगेच भरते. तुमच्या किचनचं पण तसंच आहे.

छोट्या उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते. सोपी खूण सांगतो, साधी पेन्सिल आत जात असेल तर उंदीर आत येतो. बहुतेक घरांत भोक सापडतं ते सिंकच्या खाली. सगळ्यात खालची ट्रॉली चॅनलवरून पूर्ण काढून बाजूला ठेवा, खालची पट्टी पण काढा, आणि टॉर्च घेऊन जमिनीवर पालथं पडून बघा. प्लंबरने दीड इंची पाईप घालायला चार इंचाचं भोक पाडलेलं असतं, बाकीची जागा तशीच उघडी, आणि पुढे ट्रॉली बसल्यामुळे ती इतक्या वर्षांत कोणाला दिसलेलीच नसते. भोकाच्या कडेला तेलकट काळा डाग असेल तर येण्याजाण्याची वाट तीच, अंग घासून घासून तो डाग पडतो.

नाही सापडलं तर रात्री झोपताना ट्रॉलीखाली आणि भिंतीच्या कडेने पांढऱ्या रांगोळीची पूड पातळ पसरा. पीठ नको, पीठ खाऊन टाकतील. किचनचं दार बंद ठेवा, सकाळी बाळ उठायच्या आधी पावलं कुठून कुठे गेलीत ते बघून ओल्या फडक्याने पुसून घ्या. बाकी बघायच्या जागा म्हणजे एसीच्या कॉपर पाईपचं भोक, एक्झॉस्ट फॅन, बाथरूमची नहाणीची जाळी, खिडकीतून आत आलेली केबल, मेन दाराची खालची फट, आणि फ्रीजच्या मागची बाजू, तिथे कॉम्प्रेसरची ऊब मिळते म्हणून पावसात नक्की बसतात.

बुजवायला पीओपी, थर्माकोल, फोम, कापडाचे बोळे यातलं काही चालत नाही, एका रात्रीत कुरतडतात. भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी घ्या, चांगल्या स्टेनलेसची, स्वस्तातली ओलीत गंजून सुटते. ती भोकात घट्ट कोंबायची आणि वरून सिमेंट. नुसतं सिमेंट लावलंत तर ओलं असतानाच रात्री उकरून टाकतात, म्हणून आधी घासणी किंवा जाळी हवीच. पाईपच्या कडेची बारीक फट असेल तर एम-सील. दाराखाली पट्टी ठोकून घ्या, नुसती रबराची नको, ॲल्युमिनियमची धार असलेली.

---

निवांत_पुणेकर

आमच्याकडे मांजर आणलं आणि प्रश्न मिटला. मांजराचा नुसता वास आला तरी उंदीर येत नाहीत. ते मशीन पण लावून बघा, माझ्या मेव्हण्याकडे आहे, तो म्हणतो फरक पडतो. इतकं खोदकाम करायची गरज नाही वाटत मला.

---

कोथिंबीरवडी

अबोली, मी सरकारी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे आणि आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. रांगतं बाळ असलेल्या घरात कुठलंही उंदराचं औषध आणू नकोस. ट्रॉलीखाली ठेवू, कपाटामागे ठेवू, वर माळ्यावर ठेवू, काही नाही. उंदीर तो तुकडा जिथे ठेवला तिथेच खातो असं नाही, उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो, आणि मग तो हॉलमध्ये सोफ्याखाली सापडतो. केक दिसतो पण रंगीत, निळा-हिरवा-लाल, लहान मुलाला चॉकलेटच वाटणार.

वॉचमनने दिलेली काळपट पावडर बहुतेक झिंक फॉस्फाईड आहे, लसणासारखा उग्र वास येतो तिला. ती पोटात गेली की पोटातल्या आम्लाने फॉस्फीन वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. दुसरी एक ट्यूबमधली पेस्ट मिळते किराणा दुकानात, पावाला नाहीतर टोमॅटोला लावून ठेवतात, तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो, ती सगळ्यात फसवी. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणूस बरा वाटायला लागतो, घरचे म्हणतात चला सुटलो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे, लिव्हर बंद पडायला लागतं. याच्यावरही उतारा नाही. वॉर्डात अशा पेशंटचे नातेवाईक "काल तर जेवला हो" म्हणत उभे असतात तेव्हा त्यांना काय सांगायचं कळत नाही.

तो पेस्ट कंट्रोलवाल्याचा केक बहुतेक ब्रोमाडिओलोनचा असणार. त्याने रक्त गोठायचं थांबतं, उंदीर तीन-चार दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. माणसाच्या पोटात गेलं तर व्हिटॅमिन के देऊन उपचार होतात, पण वेळेत कळलं तर, आणि दहा महिन्यांच्या बाळाने काय खाल्लं ते आपल्याला सांगणार कोण? आणि बाहेर पाणी प्यायला जाऊन मरतो हे तर सरळ खोटं आहे, तो जिथे बसतो तिथेच मरतो, म्हणजे तुझ्या ट्रॉलीच्या मागे नाहीतर फॉल्स सीलिंगमध्ये, आणि पुढे दोन आठवडे तो वास.

देव न करो पण कोणाच्याही घरात असं काही पोटात गेलं तर घरी उलटी काढायला जाऊ नका, दूध, तूप, मिठाचं पाणी काहीही पाजू नका, पाकीट किंवा ट्यूब सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठं हॉस्पिटल गाठा. पाकीट सोबत असलं की डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

साफ करताना अजून एक. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नकोस, धूळ उडते ती नाकात जाते. हातमोजे घाल, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं शिंपड, पाच मिनिटं भिजू दे, मग टिश्यूने उचलून पिशवीत बांधून टाक. तेवढा वेळ बाळाला दुसऱ्या खोलीत. ट्रॉलीतली भांडी गरम पाण्याने घासून मगच वापर. मोठ्या उंदरांच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो हे २००५ च्या पुरानंतर मुंबईत सगळ्यांनीच बघितलंय, तेव्हा पायाला जखम असलेल्या कोणीही खालच्या साचलेल्या पाण्यातून जाऊ नये, कामाच्या मावशींना पण सांग.

निवांत_पुणेकर, मांजर हौसेने पाळायचं असेल तर जरूर पाळा, पण उंदीर मारायला म्हणून आणू नका, आणि बिल्डिंगमध्ये कोणी केक टाकत असेल तर तो उंदीर खाऊन मांजर पण जातं.

---

गिरणगावकर

मशीनबद्दल सांगतो कारण सगळेच विचारतात. एक-दोन दिवस उंदीर बिचकतो, मग सवय होते, मशीन चालू असलेल्या कपाटात उंदराचं घरटं मी डोळ्यांनी बघितलंय. तो आवाज भिंतीच्या, कपाटाच्या पलीकडे जातच नाही. अमेरिकेत त्यांच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये साठहून जास्त कंपन्यांना आणि विक्रेत्यांना लेखी ताकीद दिली होती की असे दावे पुराव्याशिवाय करू नका. तेवढ्या पैशात जाळी आणि सिमेंट दोन्ही येतं. डांबरगोळ्या, पुदिन्याचं तेल याच्यावर पण माझा विश्वास नाही, आणि डांबरगोळी बाळाच्या घरात अजिबात नको, ती पण विषारीच आहे.

---

सड्यावरचा

आमचं घर रत्नागिरी तालुक्यात, कौलारू, माळ्यावर भात, नारळ, फणसाच्या आठळ्या, म्हणजे उंदरांना आमंत्रणच. शहरातल्यासारखी भोकं बुजवायची सोय इथे नाही, कौलांतून कुठूनही येतो, त्यामुळे आम्ही खायचं बंद करण्यावर जास्त भर देतो. तांदूळ पत्र्याच्या कोठीत, कडधान्य स्टीलच्या डब्यात, प्लॅस्टिकचे डबे कुरतडतात हे लक्षात घ्या. नारळाच्या खोडाला माणसाच्या डोक्याच्या वर गुळगुळीत पत्रा गुंडाळतो, त्यावरून पाय घसरतो त्याचा. उंदीर वाढले की मागून धामण येते, धामण बिनविषारी, आम्ही तिला मारत नाही, पण धामणीच्या मागे कधी नाग पण येतो म्हणून पडवीत उंदीर होऊ द्यायचेच नाहीत असं आजी सांगायची आणि ते बरोबरच आहे.

तुमच्या सासूबाईंच्या बोलण्यावरून आठवलं, गणपतीत एक काळजी घ्याच. रात्रभर समई तेवत ठेवतात, आणि उंदराला तेला-तुपात भिजलेली वात फार आवडते, तो ती जळती वातसुद्धा ओढून नेतो. आमच्या वाडीत एका घरात असंच मखराच्या पडद्याने पेट घेतला होता, शेजारी जागे होते म्हणून निभावलं. तेव्हा समईला काचेची चिमणी घाला, किंवा झोपताना मोठी समई शांत करून काचेतला दिवा ठेवा. रात्री नैवेद्याचं ताट, मोदक, फळं मखरात तशीच ठेवू नका, सकाळी परत मांडा, बाप्पाला चालतं.

आणि गॅसची नळी आजच बघा! उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, खाण्याचा संबंध नाही. साधी रबरी नळी असेल तर बदलून आतून तार असलेली आयएसआय मार्कची सुरक्षा नळी घ्या, ती पण पाच वर्षांनी बदलायची असते. रात्री रेग्युलेटर बंद करून झोपा. वॉशिंग मशीनला खालून जाळी आहे का तेही बघा, नसली की आत शिरून वायरी खातात.

---

अबोली

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पुडी वॉचमनकाकांना परत देऊन टाकली आणि त्यांनाही कोथिंबीरवडी यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, त्यांचा नातू इथेच खाली खेळत असतो. केकवाल्याला नको सांगितलं.

लेंड्या बारीकच आहेत, म्हणजे छोटाच उंदीर. खालची ट्रॉली काढली, गिरणगावकर दादा अगदी तुम्ही म्हणालात तसंच, सिंकच्या पाईपभोवती माझी मूठ जाईल एवढं भोक, कडेला काळा डाग आणि आत हात घातला तर डक्टमधला गार वारा लागतो. नवऱ्याने लगेच घासण्या कोंबल्यात, उद्या गवंडी येतोय. गॅसची नळी मागच्या बाजूने दोन ठिकाणी दातांनी खरवडलेली होती, बघून अंगावर काटा आला, तीही बदलली.

आता प्रश्न असा की भोक बुजलं तर आत राहिलेल्यांचं काय? सासूबाई पिंजऱ्यावर ठाम आहेत. पिंजऱ्यात काय लावायचं, धरलेला कुठे सोडायचा? आणि ग्लू पॅडबद्दल कोणी बोललंच नाही, काकू दोन पॅड देऊन गेल्यात.

---

कोथिंबीरवडी

ग्लू पॅड परत दे. बाळाचा हात चिकटला तर कातडीसकट ओढायला लागेल अशी गत होते, आणि उंदीर त्याच्यावर मरत नाही, तासन् तास ओरडत राहतो, सुटायला स्वतःचा पाय चावतो, भीतीने तिथेच घाण करतो, म्हणजे रोगराईच्या दृष्टीनेही ते वाईटच. पाली पण चिकटतात. भारतीय पशु कल्याण मंडळाने राज्यांना याच्या विरोधात सूचना केलेल्या आहेत, काही राज्यांनी बंदीही घातलीय. मारायचाच असेल तर एका क्षणात मरेल असं करावं, हे हाल कोणाचे करू नयेत. सासूबाईंना पण हे पटेल.

---

गिरणगावकर

आतल्यांसाठी पिंजरा चालेल, छोटा उंदीर नव्या वस्तूला फारसा बिचकत नाही, उलट हुंगायला येतो. मोठा असता तर तीन-चार दिवस पिंजऱ्याच्या जवळ पण फिरकला नसता, तेव्हा त्याला आधी दार बांधून ठेवून नुसतं खायला घालावं लागतं, सवय झाली की मग दार लावायचं. तुम्हाला तेवढी गरज नाही.

एकच पिंजरा खोलीच्या मध्ये ठेवून वाट बघू नका. छोटा उंदीर आपल्या बिळापासून फार लांब जात नाही आणि कायम भिंतीला अंग लावून पळतो, म्हणून तीन-चार पिंजरे एकाच रात्री, सगळे भिंतीला लागून, एक सिंकखाली, एक फ्रीजमागे, एक जिथे पीठ सांडलं होतं तिथे. बारीक जाळीचा पिंजरा घ्या, मोठ्या उंदराच्या पिंजऱ्याच्या सळ्यांमधून हा आरामात निघून जातो. आत शेंगदाण्याचा कूट आणि गूळ एकत्र मळून बोटाच्या पेराएवढी गोळी, हुकात घट्ट दाबून बसवा म्हणजे ओढावी लागेल. भजी, तूप लावलेल्या पोळीचा तुकडा पण चालतो. चीज बीज काही लागत नाही. आणि ते लावायच्या आधी बाकी सगळं खाणं उचला, ओटा कोरडा, कचऱ्याचा डबा रात्री घराबाहेर, नाहीतर तुमच्या गोळीकडे तो बघणार पण नाही. पाणी ठेवलं नाही म्हणजे येणार नाही असं धरू नका, छोट्या उंदराला अन्नातलं पाणी पुरतं.

चाप लावायचा असेल कोणाला तर चापाचं खायचं टोक भिंतीकडे हवं, आणि बाळाच्या घरात फक्त रात्री, ट्रॉलीच्या आत, सकाळी मोजून परत उचलायचे.

सोडण्याबद्दल मनापासून सांगतो. बिल्डिंगच्या मागे सोडलात तर परत येईल नाहीतर शेजारच्या सोसायटीत जाईल, त्यांच्याकडे पण लहान मुलं आहेत. वस्तीपासून लांब, मोकळ्या रानाकडे सोडा, पहाटे, आणि पिंजऱ्यात रात्रीचा अडकलेला दुपारपर्यंत तसाच ठेवू नका, घाबरूनच मरतो तो. घरातला उंदीर रानात फार दिवस जगत नाही हे पण खरं आहे, म्हणून सासूबाईंना म्हणावं, उंदीर मरायला नको असेल तर तो आत येऊच नये हेच बघायला हवं, आणि भोक बुजवलंत ते त्यांच्याच मनासारखं झालं.

---

माळरान

एक जोडतो, विषयाला धरूनच आहे. मी बीड जिल्ह्यातला. १९९४ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे मामला गावात उंदीर मरून पडायला लागले, घराघरांत पिसवा झाल्या आणि मग माणसांना काखेत-जांघेत गाठी, ताप, प्लेगचा संशय. आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झालेला, हादऱ्यांच्या भीतीनं लोक घरं सोडून बाहेर राहायला गेले होते, धान्य घरातच, त्यानं उंदीर वाढले असं तेव्हा सांगत. पुढे सप्टेंबरात सुरतेत प्लेगच्या भीतीनं लोक शहर सोडून पळाले, तो गोंधळ पुष्कळांना माहीतच आहे. मी शाळेत होतो, घरोघरी गोळ्या वाटलेल्या आणि पावडर मारलेली नीट आठवते.

घाबरवायला सांगत नाही, आज अँटिबायोटिक आहेत, वेळेत दिली की प्लेग बरा होतो. पण घरात मेलेला उंदीर सापडला की बरेच लोक शेपटीला धरून खिडकीतून खाली फेकतात, ते करू नका. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं गरम अंग शोधतात. हातात पिशवी घालून उचला, वरून ब्लीचचं पाणी किंवा फिनेल मारा, दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात द्या. आणि एकाच आवारात कुठलंही औषध न टाकता बरेच उंदीर मरून पडलेले दिसले तर गप्प बसू नका, महापालिकेच्या आरोग्य खात्याला कळवा, ते तपासणं त्यांचं काम आहे.

---

निवांत_पुणेकर

गिरणगावकर, मशीनचं वाचलं, मेव्हण्याला पाठवतो. पण मांजराचं मी अजून म्हणेन की फायदा होतो, आमच्या तळमजल्याला तरी झालाय. फ्लॅटमध्ये बाळ असताना जमणार नाही हे मान्य.

---

अबोली

दोन रात्रीत दोन सापडले, दोन्ही सिंकखालच्या पिंजऱ्यात, शेंगदाणा-गुळावरच. मिस्टर पहाटे गाडीवरून खोणी रोडच्या पुढे जाऊन सोडून आले, सासूबाई खूश. भोक सिमेंटने बंद झालंय, त्यानंतर रांगोळीवर पावलं नाहीत आणि रात्रीचा आवाज पण नाही. पिंजरे अजून आठवडाभर लावून ठेवते.

पण आता दुसरा मजला म्हणतोय की उंदीर त्यांच्याकडे वाढले. म्हणजे डक्टमधूनच फिरतायत सगळे. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, मला तिथे बोलायचंय, आमचे सेक्रेटरी काका म्हणतील खर्च कशाला, प्रत्येकाने आपापलं बघावं. नेमकं काय मागू?

---

गिरणगावकर

हे आपापलं बघून सुटणारं नाही, तुम्ही बुजवलंत तर खालच्यांकडे गेले, त्यांनी बुजवलं की पहिल्या मजल्यावर जातील, हेच उदाहरण मीटिंगमध्ये द्या, समोरच बसलेले असतील ते लोक. खर्च वाटतो तेवढा नाही, एका गवंड्याचं दोन दिवसांचं काम आहे. डक्टच्या तळाशी वर्षानुवर्षांचा कचरा साचलेला असतो, वरच्या मजल्यांवरून टाकलेलं उष्टं, केस, प्लॅस्टिक, तो आधी साफ करून घ्या, काम करणाऱ्याला गमबूट आणि हातमोजे सोसायटीने द्यायचे. मग प्रत्येक मजल्यावर जिथे पाईप घरात शिरतो ती भोकं डक्टच्या बाजूने एकदम बंद. तळाच्या चेंबरची तुटकी झाकणं बदलायची, पावसाच्या पाईपच्या तोंडाला जाळी. ओला कचरा रात्री जिन्यात ठेवायची पद्धत असेल तर ती बंद, सकाळी गाडीच्या वेळेलाच द्यायचा. पिंपांना झाकण.

कोणी म्हणालं की खाली औषध टाकू या, तर कुलूपबंद बेट बॉक्समध्येच, आवाराच्या भिंतीला पक्का बसवलेला, किल्ली पेस्ट कंट्रोलवाल्याकडे, वर नाव आणि तारीख लिहिलेली. उघड्यावर पुड्या किंवा केक कोणी टाकणार नाही असा ठराव लिहून घ्या, वॉचमनच्या नातवाचं नाव न घेता सांगा की खाली मुलं खेळतात.

आणि जाळी आणायला जो जाईल त्याला सांगून ठेवा, वेल्डमेश पाव इंचीच मागायची. दुकानदार अर्धा इंची देतो, कारण ती जास्त खपते आणि स्वस्त पडते, पण तिच्यातून छोटा उंदीर सहज आरपार जातो. पाव इंची नसेल तर दुसऱ्या दुकानात बघा पण अर्धा इंची बसवू नका.